ओढ्यात भिजल्यानंतर आठवड्याने येणारा ताप

पावसाने जोर धरला की वर्तकनगरची पावले उपवन तलावाकडे आणि तिथून येऊरच्या चढाकडे वळतात. कोणी बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला जातो, कोणी उल्हास नदीच्या काठी. बुडण्याच्या धोक्याबद्दल दरवर्षी लिहिले जाते आणि ते लिहायलाच हवे. त्याच पाण्यातला दुसरा धोका मात्र आठ-दहा दिवसांनी घरी येऊन गाठतो, तेव्हा सहल विसरलेली असते.

हा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली आणि 'लेप्टो म्हणजे गटाराचे पाणी' हे समीकरण डोक्यात पक्के बसले. ते अर्धेच खरे आहे. उंदीर-घुशी, कुत्री, गुरे, डुकरे यांच्या लघवीतून हे जिवाणू बाहेर पडतात. पावसाने ते ओढ्यात, डबक्यात, चिखलात वाहून येतात आणि ओलाव्यात कित्येक दिवस तग धरतात. पाणी नितळ दिसले म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. पायावरचा ओरखडा, भेगाळलेली टाच, डोळे, नाक, तोंड, एवढी वाट जिवाणूला पुरते. खाऱ्या पाण्यात मात्र तो फार टिकत नाही.

बोर्निओ बेटावरच्या साबा इथे २००० साली 'इको-चॅलेंज' ही साहसी स्पर्धा झाली. नंतर ज्या १८९ स्पर्धकांशी संपर्क झाला, त्यांतल्या ८० जणांना लेप्टोसारखा आजार झाला होता. सेगामा नदीत पोहणे हे त्यातले ठळक कारण निघाले. ही सगळी धडधाकट, कसलेली माणसे होती!

आजाराची सुरुवात साध्या 'व्हायरल'सारखीच असते: थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी. पोटऱ्या दाबल्या तरी कळ येणे आणि डोळे लाल होणे ही त्यातल्या त्यात ओळखीची खूण. प्लेटलेट घटल्या की सगळ्यांचे लक्ष डेंग्यूकडे जाते. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण काहींना कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि मग डायलिसिस, व्हेंटिलेटरपर्यंत गोष्ट जाते. त्यात परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात.

पहिल्या काही दिवसांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे निदान बरेचसे रुग्णाच्या सांगण्यावर उभे असते. 'दहा दिवसांपूर्वी ओढ्यात उतरलो होतो' हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगावे. गर्दीच्या ओपीडीत ते विचारले जाईलच असे नाही. संशय आला की अहवालाची वाट न पाहता डॉक्टर प्रतिजैविक सुरू करतात, आणि ते जितके लवकर तितके चांगले.

पायाला जखम असेल तर काठावरच बसावे. उतरलाच असाल, तर घरी येऊन साबणाने पाय धुवावेत. जखमेसह बराच वेळ पाण्यात गेला असेल तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा प्रतिबंधक डोस देऊ शकतात. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना सहसा ते देत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याची उरलेली पट्टी वापरू नये.