‘कंपनी’ शब्दाची कुळकथा

सकाळी शिरवळच्या नाक्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या तरुणास “कुठे निघालास?” असे विचारावे, तर उत्तर येते, “कंपनीत.” अंगणात नातवंडे गोळा झाली, की आजोबा म्हणतात, “आली सगळी कंपनी!” दुकानदार वस्तू पुढे सरकवून सांगतो, “हा कंपनीचा माल आहे, साधा नव्हे.” आणि एकट्याने चहा घेणे ज्याला रुचत नाही, तो स्नेही म्हणतो, “बसा हो, जरा कंपनी द्या.” शब्द एकच, पण कारखाना, टोळी, नामांकित उत्पादक आणि सोबत असे त्याचे चार अर्थ आपण सहज वापरतो. हे चार अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले, हे पाहणे मनोरंजक आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कॉम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एकत्र बसून एक भाकरी वाटून खातो तो ‘कंपॅनियन’, आणि अशांचा मेळा म्हणजे ‘कंपनी’. फ्रेंच भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला. गंमत अशी, की याच ‘पानिस’चा दुसरा वंशज पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आला, तो म्हणजे आपला ‘पाव’. तेव्हा पाव आणि कंपनी हे एकाच कुळातले. आपल्याकडे ज्याला ‘एका पंगतीचा’ म्हणतात, तोच या शब्दाचा मूळ अर्थ होय.

सोबत, सोबत्यांचा जमाव, मग एका कामासाठी एकत्र आलेली मंडळी, असा अर्थ विस्तारत गेला. सैन्यातील शंभर-सव्वाशे शिपायांची तुकडी ‘कंपनी’ झाली. भांडवल एकत्र करून व्यापार करणारे सावकारही ‘कंपनी’ झाले. अशाच लंडनच्या व्यापाऱ्यांना ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणीने सनद दिली. तीच ईस्ट इंडिया कंपनी.

सातारकरांना या कंपनीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. ज्या नीरेच्या काठी आपले गाव वसले आहे, ती नीरा आणि पुढे भीमा ही १८१९ च्या तहाने साताऱ्याच्या राज्याची उत्तर सीमा ठरली. १८३९ साली कंपनीने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी तपाहून अधिक काळ लंडनमध्ये राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून महाराजांच्या प्रश्नावर वादविवाद झाले, त्यांच्या बाजूने बोलणारेही निघाले. परंतु न्याय मिळाला नाही. पुढे १८४८ साली औरस वारस नाही या सबबीवर राज्यही गेले. एका राज्याचे भवितव्य नफ्याचे वाटेकरी ठरवीत होते! भाकरी वाटून खाणाऱ्यांचे नाव भाकरी हिरावून घेणाऱ्यांना मिळाले, याहून शब्दाची विटंबना ती कोणती?

परंतु महाराष्ट्राने या शब्दाची थोडीफार भरपाईही केली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि पुढे गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्या निघाल्या. पाटीवर ‘मंडळी’ असे लिहिलेले असले, तरी लोकांच्या तोंडी ती ‘नाटक कंपनी’च. राजाचे काम करणारा आणि पडदा ओढणारा एकाच बिऱ्हाडात उतरत, एकाच चुलीवरचे जेवत. न कळत शब्द आपल्या माहेरी आला होता.

आज कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक स्वतंत्र ‘व्यक्ती’ आहे. ती मालमत्ता बाळगू शकते, दावा लावू शकते. भाग घेणाऱ्याची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच. आपल्या देशात ही सोय १८५७ च्या कायद्याने आली. कंपनीचे ‘सभासद’ म्हणजे तिचे भागधारक. ज्याच्या नावावर भाग नाही, तो कामगार तीस वर्षे यंत्रापाशी उभा राहिला, तरी तेवढ्याने कंपनीचा सभासद होत नाही. “मी कंपनीत आहे” असे तो अभिमानाने सांगतो. कायदा म्हणतो, तू कंपनीत कामाला आहेस.

हे अंतर अगदीच अटळ आहे असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा त्याच्याबरोबर कामगारांसाठी वसाहतही वसविली, आणि माळाची किर्लोस्करवाडी झाली. कायद्यातील व्याख्या तीच राहिली, तरी भाकरीचे नाते राखता येते.

म्हणून उद्या कोणी “कंपनीत जातो” म्हणाला, तर त्या शब्दाच्या पोटातील भाकरी आठवावी. कंपनी किती मोठी, हे तिच्या हिशेबवहीवरून कळेल. ती खरोखर ‘कंपनी’ आहे की नाही, हे मात्र तिच्या पंगतीत कोणाला पान मांडले आहे यावरूनच ठरेल.