गाजर गवत आणि चटक चांदणी

पावसाळ्याच्या आरंभी बांधावर, पडीक जमिनीत व रस्त्याच्या कडेला गाजरासारख्या कातरलेल्या पानांची रोपे जमिनीलगत पसरलेली दिसतात. त्यांस आपल्याकडे 'गाजर गवत' म्हणतात. हेच रोप महिना-दीड महिन्यात उंच होऊन पांढऱ्या बारीक फुलांनी भरले, म्हणजे 'चटक चांदणी' हे नाव त्यास शोभते. एक नाव पानावरून पडले, दुसरे फुलावरून. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे असून मूळस्थान अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश होय.

यातील 'गवत' हा शब्द मात्र फसवा आहे. ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील, रुंद पानांची आहे; त्यामुळे केवळ गवतवर्गीय तणांसाठी असलेली तणनाशके तिच्यावर चालत नाहीत. जनावरेही ती सहसा खात नाहीत, आणि खाल्ल्यास दुधास कडवट चव येते.

'काँग्रेस गवत' या तिसऱ्या नावाविषयी अशी समजूत आहे, की 'पी. एल. ४८०' खाली आलेल्या अमेरिकन गव्हातून बी आले व तत्कालीन राज्यकर्त्या पक्षाचे नाव त्यास चिकटले. परंतु त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे, आणि पुण्यास ही वनस्पती १९५५ मध्येच आढळली होती. बी त्याआधीच्या आयात धान्यातून आले असणे शक्य आहे. असो, शेतकऱ्यास उपयोगाची नावे पहिली दोनच.

चांदणी नीट न्याहाळावी. तिला पाच टोके असतात व प्रत्येक टोकाशी एक बी धरते. एका झाडावर अशा हजारो चांदण्या येत असल्याने बियांची संख्या पंधरा-वीस हजारांवर सहज जाते. यास्तव झाड 'गाजर' म्हणण्याजोगे असतानाच, ओल असता मुळासकट उपटावे. अंगास खाज सुटून त्वचारोग होण्याचा संभव असल्याने हातमोजे घालावेत. अशी कोवळी झाडे कंपोस्ट खड्ड्यात खुशाल घालावीत. चांदण्या आलेली झाडे मात्र घालू नयेत, नाही तर खताबरोबर बी शेतात जाईल.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही मोहीम पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन आठवड्यांच्या आत हाती घ्यावी. १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडलेले मेक्सिकन भुंगे जेथे पाने खाताना दिसतील, तेथे कीटकनाशक फवारू नये.