लेखनिकाचा हात आणि विद्यार्थ्याचे शब्द

दृष्टिहीन अथवा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याच्या शेजारी परीक्षेच्या वेळी बसून त्याने उच्चारलेले उत्तर जसेच्या तसे कागदावर उतरविणाऱ्या व्यक्तीस विद्यापीठांच्या दप्तरात ‘लेखनिक’ अशी संज्ञा आहे. विद्यार्थी तिला ‘रायटर’ म्हणतात. ज्याची वर्षभराची मेहनत परीक्षकाच्या मेजावर पोहोचावयाची ती दुसऱ्याच्या लेखणीतूनच, अशा विद्यार्थ्याला या व्यक्तीची गरज प्राध्यापकाइतकीच असते. आणि तरीही तिची निवड, तिची तयारी, तिचा मेहनताना आणि तिच्या कामाच्या मर्यादा यांचा जितका विचार आपल्या उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेने करावयास हवा होता, तितका अद्याप झालेला नाही. बहुतेक ठिकाणी हे काम ओळखीपाळखीतून आणि दयाबुद्धीच्या आधारावर चालते. परंतु कायद्याने जो अधिकार म्हणून दिला, तो कोणाच्या सवडीवर आणि सौजन्यावर अवलंबून राहत असेल, तर त्याला अधिकार म्हणता येत नाही.

लेखनिकाचे काम वरवर पाहणाऱ्यास सोपे भासते. प्रत्यक्षात त्यास मोठा संयम लागतो. प्रश्नपत्रिका हाती येताच ती सूचना, पर्याय आणि गुण यांसह प्रथम संपूर्ण वाचून दाखवावी, विद्यार्थ्याने प्रश्न निवडल्यावर तो पुन्हा सावकाश वाचावा, सांगितलेले वाक्य त्यात स्वतःचा शब्द न मिसळता लिहावे, विशेषनामे आणि पारिभाषिक शब्द विचारून घ्यावेत, मागितले असता मागील परिच्छेद वाचून दाखवावा, आणि उत्तर चुकत आहे असे मनात आले तरी ते स्वरातूनही जाणवू देऊ नये, इतक्या गोष्टी त्यास एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. विद्यार्थ्याच्या बाजूचे कष्टही निराळे आहेत. लिहिणारा विद्यार्थी लिहिता लिहिता विचार करतो, वरच्या ओळीवर नजर टाकतो, समासात खूण करतो. सांगणाऱ्यास मात्र संपूर्ण उत्तराची मांडणी आधी मनात उभी करून, ती दुसऱ्याच्या लेखनाच्या वेगाने, क्रम न सोडता, बोलावी लागते. परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटांचा भरपाई वेळ देण्याचा जो नियम आहे, आणि ज्यायोगे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची होते, तो यासाठीच. ती सवलत नसून श्रमांच्या या अधिक भाराचा हिशेब आहे.

या अधिकाराची कायदेशीर वाटचाल फार जुनी नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या ३१ व्या कलमाने दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांस लेखनिक पुरविण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. पुढे २०१३ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि लेखनिकाचे शिक्षण, गुण व वय यांवरील बंधने काढून टाकली. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आणि ‘वाजवी सोय’ नाकारणे हा भेदभावच होय, असे ठरविले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाच्या आधारे आणखी एक मोठा दरवाजा उघडला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराच्या दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के भरत नाही, एवढ्या कारणाने त्यास लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निर्णय होता. सोयीचा गैरवापर होईल हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते; कारण आपल्या नियमांच्या मुळाशी जे आहे ते पुष्कळदा विद्यार्थ्याच्या गरजेचे ज्ञान नसून त्याच्या सचोटीविषयीचा संशय आहे.

त्या संशयाचे ठळक उदाहरण म्हणजे २९ ऑगस्ट २०१८ च्या सुधारित सूचनांतील एक अट. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता विद्यार्थ्याच्या पात्रतेहून एक पायरी खाली असावी, असे ती सांगते. लेखनिकाने उत्तर सुचवू नये हा तिचा हेतू योग्यच आहे. पण परिणाम काय होतो? ज्या निवृत्त प्राध्यापिकेपाशी वेळ, स्वच्छ अक्षर आणि आस्था ही तिन्ही आहेत, तिला पदवीपरीक्षेच्या विद्यार्थ्याशेजारी बसता येत नाही. आणि ज्यांना बसता येते ती खालच्या वर्गांतील मुले बहुधा त्याच दिवसांत आपल्याच परीक्षांत गुंतलेली असतात. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा संस्कृत या विषयांत तर अडचण दुणावते. ज्यास समाकलनाचे चिन्ह वाचता येत नाही, आलेखाचे अक्ष ठाऊक नाहीत किंवा जोडाक्षरे आणि अवग्रह यांची सवय नाही, तो लेखनिक प्रामाणिक असूनही उत्तर बिघडवितो. आणि त्या चुकांचे गुण कापले जातात ते विद्यार्थ्याच्या खात्यातून.

चिन्हांची ही अडचण किती जुनी आहे, ते दृष्टिहीन आणि कर्णबधिर असलेल्या हेलन केलर यांच्या चरित्रावरून कळते. १८९९ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी त्यांनी अखेरच्या परीक्षा दिल्या तेव्हा त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांना प्रश्नपत्रिका वाचून देण्याची मुभा मिळाली नाही. प्रश्न ब्रेलमध्ये उतरविण्यासाठी त्रयस्थ गृहस्थ नेमण्यात आले. भाषांच्या प्रश्नपत्रिका निभावल्या. परंतु बीजगणितातील चिन्हे अमेरिकन ब्रेलच्या पद्धतीची होती आणि केलर यांचा सराव इंग्लिश ब्रेलचा होता, त्यामुळे ती चिन्हे त्यांना ऐनवेळी आत्मसात करावी लागली. पुढे त्या महाविद्यालयात प्रत्येक व्याख्यान सलिव्हन यांनी शेजारी बसून त्यांच्या तळहातावर बोटांनी अक्षर अक्षर उतरविले, आणि १९०४ मध्ये केलर पदवीधर झाल्या. त्या पदवीमागे परीक्षेच्या काही तासांतील मदत नव्हती. चार वर्षे रोज चाललेले काम होते.

आपल्या व्यवस्थेचे दुसरे मोठे न्यून नेमके येथेच दिसते. परीक्षेचे तीन तास तिने ओळखले आहेत. त्यापूर्वीची तीन वर्षे तिच्या नजरेत पुरती आलेली नाहीत. दृष्टिहीन विद्यार्थ्यास छापील संदर्भग्रंथ वाचून दाखविणारा वाचक हवा, मंद गतीने लिहिणाऱ्यास वर्गातील टिपणे घेणारा सहायक हवा, कर्णबधिर विद्यार्थिनीस व्याख्यान भारतीय सांकेतिक भाषेत सांगणारा दुभाषी हवा, आणि चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यास वसतिगृहात सकाळी उठण्यापासून मदतनीस हवा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संगणकीय वाचनसाधनांचे स्वतंत्र केंद्र २००३ पासून उभे आहे. छापील मजकूर बोलून दाखविणाऱ्या संगणकप्रणालींमुळे वाचकावरील भार काहीसा हलकाही झाला आहे. परंतु यंत्र आकृती समजावून सांगत नाही, हस्तलिखितावर अडखळते, आणि वर्गात भरभर बोलणाऱ्या प्राध्यापकांचे शब्द सांकेतिक भाषेत आणणे हे तर प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र या विषयात कार्यरत असूनही, सामान्य महाविद्यालयाच्या वर्गात दुभाषी दिसणे आजही दुर्मिळच आहे.

मदत कोणाच्या हुकमाने चालावी, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी शोधले. वयाच्या १४ व्या वर्षी पोलिओने मानेखालचे शरीर निकामी झालेला एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये तेथील विद्यापीठात दाखल झाला. त्याचे अवजड श्वसनयंत्र वसतिगृहात मावणारे नसल्याने त्याची राहण्याची व्यवस्था विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात करण्यात आली, आणि हळूहळू तेथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी जमले. त्यांच्या खटपटीतून १९७० मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, ज्यात मदतनीस मिळवून देण्यापासून चाकाच्या खुर्च्यांच्या दुरुस्तीपर्यंतची सोय होती. त्यामागील तत्त्व असे की मदतनीस निवडणे, त्यास काम शिकविणे आणि काम न जमल्यास त्यास बदलणे, हे सर्व विद्यार्थ्यानेच ठरवावे. इंग्लंडमध्ये याच श्रमांचा आर्थिक भार सार्वजनिक तिजोरीने उचलला: टिपणे घेणारे आणि दुभाषी यांचा मेहनताना दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या शासकीय भत्त्यातून देण्याची पद्धत तेथे रुजली, आणि २०१६ पासून साध्या स्वरूपाच्या मदतीची जबाबदारी विद्यापीठांवर सोपविण्यात आली.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या की आपल्या विद्यापीठांपुढील मार्ग स्पष्ट होतो. विद्यार्थ्यास कोणती मदत लागेल याची विचारणा परीक्षेचा अर्ज भरताना होते, ती प्रवेशाच्या वेळीच व्हावी. लेखनिक, वाचक आणि दुभाषी यांची विषयवार यादी विद्यापीठाने स्वतः ठेवावी. जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर लेखनिकांची अशी यादी करण्याची तजवीज २०१८ च्या सूचनांत आहेच. परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकास भेटून पारखण्याचा जो अधिकार त्याच सूचनांनी दिला आहे, तो प्रत्येक परीक्षाकेंद्रात पाळला जावा. लेखनिकास विषयाची चिन्हे वाचता आली पाहिजेत, आणि सचोटीची हमी त्याच्या अज्ञानातून न शोधता ती स्वतंत्र खोलीतील पर्यवेक्षक आणि सांगितलेल्या उत्तराचे ध्वनिमुद्रण यांतून घ्यावी. ध्वनिमुद्रण असले म्हणजे लेखनिकाच्या चुकीविषयी विद्यार्थ्याच्या तक्रारीसही आधार मिळतो. आणि या सर्व कामाचा मेहनताना विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रकमेने दाखविलेला असावा, कारण ज्या श्रमांस मोल नाही त्यांच्याकडून शिस्तीची अपेक्षा फार काळ करता येत नाही.

स्वयंसेवेने आजवर हे काम तोलून धरणाऱ्या शेकडो मुलामुलींविषयी मला नितांत आदर आहे, आणि त्यांची सेवावृत्ती पुढेही हवीच. परंतु ऐन परीक्षेच्या सकाळी लेखनिक आला नाही, तर त्याचा जाब ज्या कचेरीला द्यावा लागेल अशी एक निश्चित कचेरी प्रत्येक विद्यापीठात असली पाहिजे. ती असेल तरच तेथील विद्यार्थ्याचा अधिकार खरा मानता येईल.