हजेरीपटावरचे नाव : घराबाहेरचा मुलगा, गिरणगाव आणि नारायण सुर्वे यांची कविता

१

नारायण सुर्वे यांची कविता पदव्युत्तर वर्गात शिकविताना एक अनुभव वारंवार येतो. कवीचा परिचय विचारला की विद्यार्थी एका दमात सांगतात : अनाथ मूल, फुटपाथ, हमाली, शिपाई, शिक्षक, पद्मश्री. उत्तरपत्रिकांतही हीच चढती भाजणी आढळते. तीत तपशिलाची चूक नाही. १९९५ साली परभणी येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सुर्व्यांनी भूषविले आणि १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ही वस्तुस्थितीच आहे. तथापि या मांडणीत रस्ता हा केवळ मागे टाकलेला टप्पा ठरतो. त्या रस्त्यावर काय होते, तेथे मूल कशाने नष्ट होते आणि कशाने वाचते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

या वाचनामागे आपल्या परंपरेतील एक कथाबंध उभा आहे. सावत्र आईच्या शब्दाने दुखावलेला ध्रुव घर सोडतो, वनात तप करतो आणि अढळपदी पोचतो. लग्नमंडपातून निघून गेलेल्या समर्थांची आख्यायिकाही याच वळणाची. घर सोडणाऱ्या मुलाकडे आपण कौतुकाने पाहतो ते शेवट माहीत असल्यामुळे. पण ध्रुवकथेतील एक दुवा आपण सहज ओलांडतो. ध्रुवाला वाटेत नारद भेटला होता. त्याने मुलाची चौकशी केली, त्याला परत फिरण्याविषयी सांगून पाहिले आणि तो ऐकत नाही असे दिसल्यावर मार्ग दाखविला. अढळपद ही कथेची अखेर असली, तरी ती शक्य झाली या भेटीमुळे. दादरच्या फलाटावर एकटा उतरलेल्या मुलाला पहिल्या काही तासांत कोण भेटते, यावरच त्याचे पुढचे आयुष्य पुष्कळदा ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, रस्त्यावरच्या मुलाला भूक, मारहाण, व्यसन, लैंगिक शोषण असे अनेक धोके असले, तरी ते सर्व एका मूळ अभावाच्या वाटेने आत येतात. 'हा आमचा' असे म्हणणारे कोणी नसणे, हा तो अभाव होय. सुर्व्यांच्या कवितेला याची जाण आहे. म्हणूनच नाव आणि नाते या गोष्टी तिच्यात इतक्या महत्त्वाच्या ठरतात.

२

प्रथम चरित्रातील काही तपशील पाहणे आवश्यक आहे. १५ ऑक्टोबर १९२६ ही सुर्व्यांची जन्मतारीख मानली जाते. 'मानली जाते' हेच शब्द येथे योग्य होत. कारण रस्त्याकडेला सापडलेल्या अर्भकाची तारीख कोणाला तरी ठरवावी लागते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते मूल उचलून घरी आणले आणि त्याने व काशीबाईंनी त्याला वाढविले. दोघेही गिरणीत काम करणारे. परळच्या चाळीतील त्या संसारात मुलाला दोन गोष्टी मिळाल्या : नाव आणि शाळा. चौथीपर्यंतचे शिक्षण झाले. १९३६ च्या सुमारास गंगाराम निवृत्त झाले आणि कोकणातील गावी परतले. जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले.

या ठिकाणी 'घर सोडणे' या शब्दप्रयोगाचा आपण फेरविचार केला पाहिजे. येथे मुलाने घर सोडलेले नाही. घरच त्याला सोडून गेले आहे. मात्र त्यावरून गंगारामांना निष्ठुर ठरविणे अन्यायाचे होईल. त्या काळातील गिरणी कामगाराच्या दृष्टीने मुंबईतील खोली ही राबण्यापुरती जागा होती, घर गावी होते. काम संपले की शहराशी असलेला संबंधही संपे. दहा-बारा वर्षांचा मुलगा स्वतःचे पोट भरू शकतो, अशीच तेव्हाच्या कष्टकरी वर्गाची धारणा होती.

पोट भरण्याचे मार्ग कोणते होते, हेही पाहण्याजोगे आहे. सुर्व्यांनी घरगडी म्हणून काम केले, हॉटेलात कपबशा विसळल्या, कुत्री सांभाळली, दूध टाकले, हमाली केली. या कामांचा कायद्याशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. कारखानेविषयक कायद्यात १९२२ साली झालेल्या दुरुस्तीने कारखान्यातील किमान वय बारा झाले होते. १९४८ च्या कायद्याने ते चौदा केले. म्हणजे गिरणीचे दार लहान मुलाला हळूहळू बंद होत गेले. हॉटेल आणि परक्याचे स्वयंपाकघर ही दारे मात्र उघडीच राहिली. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास व हॉटेलात ठेवण्यावर बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये, आणि घरगुती व्यवसायासारखे अपवाद वगळता सर्वच कामांवर बंदी आली ती २०१६ च्या दुरुस्तीने. सुर्व्यांच्या बालपणापासून सत्तर वर्षे 'पोऱ्या' हा शब्द हॉटेलाच्या व्यवहारात बिनदिक्कत चालू होता, याचे कारण हे आहे.

३

गिरणगावाच्या भूगोलाचाही येथे विचार केला पाहिजे. परळ, लालबाग, नायगाव येथील चाळींत एका खोलीत एक कुटुंब, किंवा गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे अनेक पुरुष, अशी वस्ती होती. वाढत्या वयाची मुले रात्री गॅलरीत, जिन्याखाली आणि उन्हाळ्यात फुटपाथवर झोपत. गिरगावच्या वाड्यांतूनही दाटीचे चित्र फारसे वेगळे नव्हते. त्यामुळे घर आणि रस्ता यांतील सीमारेषा येथे पुसट होती. फुटपाथवर झोपलेली दोन मुले रात्री सारखीच दिसत. फरक सकाळी कळे : एकाला चाळीतून हाक येई, दुसऱ्याला येत नसे.

ही हाक न येणे म्हणजे काय, ते आपल्या भाषेतील एका शब्दावरून ध्यानात येते. 'बेवारस' हा शब्द आपण सामानाला लावतो, प्रेताला लावतो आणि मुलालाही लावतो. वारस किंवा दावा सांगणारा नसणे हा त्याचा अर्थ. ज्याच्यावर कोणी दावा सांगत नाही त्याच्यावर कोणीही दावा सांगू शकतो, हे या शब्दाचे भयंकर असे दुसरे अंग आहे. दलाल, दादा, हप्ता घेणारा, रात्री जागा देतो म्हणून शरीर मागणारा, हे सर्व त्या रिकाम्या जागेवर हक्क सांगायला येतात. मुलाची मजुरी बुडविणारा मालकही निर्धास्त असतो, कारण जाब विचारायला कोणी येणार नाही हे त्याला ठाऊक असते. भूक मारण्यासाठी हुंगलेले सोल्युशन असो वा टोळीने दिलेले पहिले काम असो, त्या वेळी 'नको' म्हणणारा मोठा माणूस जवळ नसतो.

कायद्याच्या भाषेलाही हा पेच पुष्कळ काळ सुटला नव्हता. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसंबंधीचा कायदा झाला. डोंगरीचे बालगृह लोकांच्या तोंडी 'रिमांड होम' म्हणूनच राहिले आणि तेथे जाणे म्हणजे गुन्हेगार असणे, असा समज रूढ झाला. १९८६ च्या अधिनियमात 'उपेक्षित' आणि 'अपराधी' अशी विभागणी होती. २००० साली तिच्या जागी 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' आणि 'कायद्याशी संघर्षात आलेले बालक' ही नामे आली. १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या १०९८ या दूरध्वनी सेवेने मुलाला स्वतः हाक मारण्याची सोय प्रथमच करून दिली. शब्द बदलल्याने रस्ता बदलत नाही हे खरे. परंतु मुलाला कोणत्या नावाने नोंदवायचे, हा प्रश्न कायद्यालाही महत्त्वाचा वाटला, ही बाब साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

४

या पार्श्वभूमीवर काही साहित्यकृती शेजारी ठेवून पाहता येतील. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) मधील बेन्वा पूर्णपणे एकटा नाही. त्याला आई आहे. पण ती स्वतःच गावातून परागंदा होऊन झोपडपट्टीत आलेली. वाढत्या वयाच्या मुलाला पुरुषपणाचा आदर्श हवा असतो आणि वस्तीत तो दादाच्याच रूपात उपलब्ध असतो. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) मधील पोरांना तर घरे आहेत. तरीही त्यांचे खरे आयुष्य नाक्यावर घडते. या कादंबरीवर अश्लीलतेचा गदारोळ उठला. त्यात भाषेची चर्चा पुष्कळ झाली. या पोरांशी घरात कोण बोलत होते, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. घर असूनही 'घराबाहेर' असणे ही अवस्था मराठीत प्रथम इतक्या उघडपणे येथे दिसते.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात या अवस्थेला ऐतिहासिक कारण मिळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप रीतसर मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. गिरणी बंद पडल्यावर केवळ पगार थांबला नाही. बापाचा अधिकार, शेजाऱ्याचा दरारा, युनियनच्या कार्यकर्त्याची ओळख ही मुलाला रोखून धरणारी सारी व्यवस्था सैल झाली. धुरी कुटुंबातील नरू टोळीकडे वळतो तेव्हा तो घर सोडून पळालेला नसतो. त्याच्या हाकेच्या अंतरावरील सर्व माणसे आपापल्या पराभवात बुडालेली असतात, एवढेच.

मराठीबाहेरचे पण याच शहरातले एक उदाहरण घ्यावे. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) या चित्रपटातील कृष्णाला ग्रँट रोड परिसरात कोणी कृष्णा म्हणत नाही. तो 'चायपाव' होतो. तो आईला पत्र लिहवून घेतो, पण पूर्ण पत्ता त्याला सांगता येत नाही. नाव गेले आणि पत्ता गेला की परतीची वाट कशी बुजते, याचे इतके नेमके चित्रण विरळा.

५

आता सुर्व्यांकडे परत येऊ. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाचे नाव मॅक्झिम गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या खंडाची आठवण करून देते, आणि हे साम्य शीर्षकापुरते नाही. गॉर्कीही पोरका होता. आई गेल्यावर अकराव्या वर्षाच्या आसपास आजोबांनी त्याला कमवायला बाहेर घातले. दोघांनीही रस्त्याला शाळा म्हटले. तथापि या उपमेचा सोपा अर्थ घेणे धोक्याचे आहे. रस्ता आपोआप शिकवीत नाही. बहुतेकांना तो संपवितो. सुर्व्यांच्या शीर्षककवितेत घर व नातलग यांचा अभाव आणि दुकानांचा व फुटपाथचा आडोसा यांचा उल्लेख येतो. पण कविता तेथे थांबत नाही. तिच्यात भेटलेली माणसे येतात, कामगार येतात, चळवळ येते. गिरणगावातील कम्युनिस्ट चळवळ आणि युनियन यांनी या मुलाला पुन्हा एकदा 'आमचा' म्हटले. हाच त्याला वाटेत भेटलेला नारद होय. त्या विद्यापीठाला शिक्षक होते, म्हणूनच ते विद्यापीठ ठरले.

सुर्वे पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, परीक्षा देऊन शिक्षक झाले. या टप्प्यावरील 'तुमचंच नाव लिवा' ही कविता प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. शरीरविक्रय करून जगणारी एक आई मुलाला शाळेत घालायला येते. हजेरीपटासाठी बापाचे नाव विचारले जाते. ती मास्तरांना त्यांचेच नाव लिहायला सांगते. ही कविता बहुधा करुणेची किंवा सामाजिक विद्रोहाची म्हणून शिकविली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु कवीचे चरित्र शेजारी ठेवले म्हणजे तिचा आणखी एक पदर उलगडतो. ज्याला स्वतःला एका गिरणी कामगाराने आपले नाव दिले, त्याच्याकडे आता एक आई नाव मागते आहे. गंगारामांनी केलेली कृती येथे पुढच्या पिढीकडे सोपविली जाते. रक्ताचे नाते नसताना दिलेले नाव खोटे ठरत नाही, याची साक्ष नोंद करणाऱ्या मास्तराचे स्वतःचे आयुष्यच देत असते. त्या बाईला हे ठाऊक नाही, वाचकाला आहे. कवितेचे बळ या अंतरात आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. गंगारामांनी नाव दिले, तरी पुढे मुलाला एकटे सोडलेच ना? आक्षेप खरा आहे, आणि सुर्व्यांच्या आयुष्याला त्यामुळेच ध्रुवकथेचा साचा पुरत नाही. एकदा दिलेले नाव पुरेसे नसते. ते कोणीतरी रोज हाकेने जिवंत ठेवावे लागते. चाळीने ते काही काळ केले, चळवळीने पुढे केले, कृष्णाबाईंसोबतच्या संसाराने अखेरपर्यंत केले. १६ ऑगस्ट २०१० रोजी सुर्वे गेले तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांना ज्या नावाने ओळखत होता, ते नाव दहा रुपये देऊन निघून गेलेल्या माणसाचे होते. आणि कवीने ते कधी टाकले नाही.

अध्यापक म्हणून आपल्याला या कवितेचा आणखी एक अर्थ टाळता येत नाही. आपल्याही हातात हजेरीपट असतो. सत्राच्या मध्यावर एखादे नाव सलग गैरहजर दिसू लागते. आपण तांबड्या शाईने रेघ मारतो आणि पुढचे नाव पुकारतो. तो मुलगा कुठे गेला, असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. सुर्व्यांच्या कवितेतील मास्तरापुढे मूल दाखल करताना प्रश्न उभा राहिला. आपल्यापुढे तो नाव कमी करताना उभा राहतो. पुढचे नाव पुकारण्यापूर्वी क्षणभर थांबून शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला त्याची चौकशी करणे, एवढे तरी ही कविता शिकविणाऱ्याकडून अपेक्षित आहे.