न थांबणारी बोट : क्वीन मेरी

टायटॅनिक बोटीचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. १९१२ साली पहिल्याच सफरीत ती बर्फाच्या डोंगराला घासली आणि बुडाली. बुडालेल्या बोटीचे नाव लोकांच्या तोंडी राहते. आम्ही मात्र आज न बुडालेल्या एका बोटीची हकिगत सांगणार आहोत. तिचे नाव क्वीन मेरी, म्हणजे राणी मेरी.

ही बोट केवढी होती? लांबी १०१९ फूट. बैल जुंपलेल्या पन्नास गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या, तर जेवढी रांग होईल, साधारण तेवढी! आत भोजनाचे दिवाणखाने होते, पोहण्याचे हौद होते. तेल जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर बोटीखालचे चार मोठे पंखे फिरवायचे, अशी तिची रचना. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यामध्ये अटलांटिक महासागर आहे. तो सुमारे तीन हजार मैलांचा पल्ला ही बोट चार दिवसांत तोडत असे.

स्कॉटलंडात क्लाइडबँक नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्यात हिचे बांधकाम सुरू झाले. पण त्या सुमारास जगभर मंदी आली. बोटीच्या कंपनीजवळचा पैसा आटला. डिसेंबर १९३१ मध्ये काम एकाएकी बंद पडले. तीन हजारांवर कामगार घरी बसले. गावाचे पोटच त्या कारखान्यावर. मग दुकानदाराची उधारी थकली, घरभाडे थकले. दुष्काळात रोजगार बुडाला की काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. घरांच्या पलीकडे ती अर्धवट बोट नुसती उभी. तिच्यावर गंज चढू लागला, पाखरांनी घरटी केली. अशी दोन वर्षांहून जास्त गेली. शेवटी सरकारने कंपनीला कर्ज दिले आणि एप्रिल १९३४ मध्ये कामगार वाजतगाजत परत कामावर गेले. पहिले काम काय, तर गंज खरवडणे! त्याच वर्षी सप्टेंबरात खुद्द राणी मेरीच्या हस्ते बोट पाण्यात सोडली. १९३६ च्या मे महिन्यात ती पहिल्या सफरीला निघाली.

तीन वर्षे श्रीमंतांची आणि गरिबांची, दोघांचीही ने-आण तिने केली. दोघांचे मजले अर्थात वेगळे! मग १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. बोटीला राखी रंग फासला. गालिचे, उंची सामान काढून ठेवले. आता तिच्यातून सैनिक जाऊ लागले. १९४० साली ऑस्ट्रेलियाचे सैनिक घेऊन ती आपल्या मुंबईलाही येऊन गेली. पुढे अमेरिकेतून सैनिक आणताना तर तिच्यात माणसे दाटीवाटीने भरत. एकावर एक बिछाने बांधून निजायची सोय केलेली, आणि तीही पाळीपाळीने. एक उठला की दुसऱ्याने पाठ टेकायची. जुलै १९४३ च्या एका फेरीत तिच्यात १६,६८३ माणसे होती. एका बोटीतून एवढी माणसे आजवर दुसऱ्या कोणी नेलेली नाहीत.

आता विचार करा, एवढी माणसे बुडाली असती तर? समुद्रात जर्मनीच्या पाणबुड्या फिरत होत्या. पाणबुडी पाण्याखालून पाणतीर सोडते. तो लागला की बोटीला भगदाड पडते. पण सोडणारा नेम कुठे धरतो? बोट आता आहे तिथे नव्हे. तीर पोचेपर्यंत ती जिथे जाईल, तिथे तो नेम धरतो. पळत्या सशाला दगड मारणाऱ्याला हे ठाऊक असते. आणि ससाही खुळा नसतो, तो वाकडातिकडा पळतो. क्वीन मेरीही तशीच पळे. काही मिनिटे डावीकडे, काही मिनिटे उजवीकडे, मग सरळ. वेग ताशी सुमारे ३३ मैल. एवढा वेग पाणबुडीला नव्हता. हा वेग हीच तिची मुख्य ढाल होती. म्हणून कप्तानाला वरून सक्त हुकूम होता, काहीही झाले तरी बोट थांबवायची नाही.

२ ऑक्टोबर १९४२. बोटीत सुमारे दहा हजार अमेरिकन सैनिक होते. आयर्लंडच्या उत्तरेला, विमानांपासून राखण करण्यासाठी क्युरासोआ नावाची जुनी युद्धनौका तिच्या पुढे चालली होती. दिवसाउजेडी, दुपारचे दोन वाजून गेलेले. युद्धनौकेचा वेग कमी, म्हणून ती सरळ जात होती. क्वीन मेरी वळणे घेत मागून जवळ येत होती. दोन्हीकडच्या कप्तानांना वाटले, वाट समोरचा सोडील. अरुंद रस्त्यावर दोन गाडीवान असेच अडून बसतात. तिथे फार तर चाके एकमेकांत अडकतात. इथे क्वीन मेरीचे टोक युद्धनौकेच्या अंगात घुसले आणि तिचे दोन तुकडे झाले. पाच-सहा मिनिटांत दोन्ही तुकडे तळाला गेले.

पाण्यात माणसे ओरडत होती. ती आपलीच, मित्रपक्षाची. क्वीन मेरीवरचे सैनिक कठड्याशी उभे राहून पाहत होते. काहींनी खाली तरंगण्याचे पट्टे फेकले. बोट मात्र थांबली नाही. टोक फुटलेले, वेग थोडा कमी केलेला, पण ती पुढेच गेली. इतर युद्धनौकांना तिने संदेश दिला. त्या काही तासांनी पोचल्या. १०१ माणसे वाचली. तीनशेहून अधिक गेली.

कप्तान इलिंगवर्थ याने पाप केले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. तो थांबला असता आणि पाणबुडीने डाव साधला असता, तर दहा हजार घरांत रडणे झाले असते. पण बुडणाऱ्याकडे पाठ करून जाणे हे हुकुमाने सोपे होत नाही, एवढेही आम्हांला कळते. दोष होता तो आधीचा. वाट कोणी सोडायची, हे दोघांनी आधी पक्के बोलून घ्यायला हवे होते.

युद्ध संपेपर्यंत ही बातमी दाबून ठेवली होती. आरमार खात्याने मात्र युद्ध चालू असतानाच बोटीच्या कंपनीवर दावा लावला होता. पहिल्या कोर्टाने सगळा दोष युद्धनौकेवर ठेवला. वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि दोन वाटे युद्धनौकेचे, एक वाटा क्वीन मेरीचा असे ठरवले. १९४९ साली तोच निकाल कायम झाला.

युद्धानंतर बोटीला पुन्हा रंग चढला, उतारू येऊ लागले. पण विमाने आली. चार दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, मग बोटीत कोण बसतो? १९६७ साली कंपनीने ती विकून टाकली. अमेरिकेतल्या लाँग बीच या शहराने ती घेतली. आता ती तिथे धक्क्याला कायमची बांधलेली आहे आणि तिचे हॉटेल झाले आहे. एका काळी जिथे पाळी लावून सैनिक निजत, तिथे लोक पैसे मोजून रात्रभर निवांत झोपतात.