पाकिटाची मागची बाजू वाचा : ग्लुटेन व ॲलर्जीकारक घटकांविषयी

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील काळ्या रानात रब्बीची ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. परंडा, भूम, वाशी, कळंब या भागांतील घरांत मालदांडी ज्वारीची भाकरी हेच नित्याचे अन्न होते. गव्हाची पोळी सणावाराला होत असे. गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले आहे. रेशनवर मुख्यत्वे गहू व तांदूळ मिळू लागले आणि खेड्यातील लहानशा दुकानातही बिस्किटे, टोस्ट, शेवया, नूडल्स व फरसाण यांची पाकिटे टांगलेली दिसू लागली. बहुतेकांना गहू सोसतो. परंतु आपल्यातील काही जणांच्या शरीराला गव्हातील एक घटक मुळीच चालत नाही, तर काहींना शेंगदाणा, दूध किंवा अंडे यांचा अंशही घातक ठरतो. अशांच्या घरी बाजारहाट करणे हे औषध निवडण्याइतके जबाबदारीचे काम असते. ते नीट कसे करावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ग्लुटेन म्हणजे काय?

गहू व जव म्हणजेच सातू, तसेच परदेशात पिकणारे राय या धान्यांत असलेल्या प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. कणीक ताणली जाते, पोळी लाटता येते, पाव फुगतो तो ग्लुटेनमुळेच. ज्वारीत ते नसते. म्हणून ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते, आणि जुन्या पिठाला विरी गेली की भाकरी थापताना तुटते, हे आपल्या माताभगिनींना चांगलेच ठाऊक आहे. बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई आणि राजगिरा यांतही ग्लुटेन नसते.

'सीलियाक' नावाच्या विकारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरातील सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. वारंवार जुलाब होणे, पोट फुगणे, मुलाची उंची व वजन न वाढणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे ही त्याची काही लक्षणे होत. डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी हा गव्हाशी असलेला संबंध दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँडमध्ये पावाची टंचाई झाली, तेव्हा या विकाराची मुले सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आजही या विकारावर ग्लुटेन आयुष्यभर टाळणे हाच प्रस्थापित उपचार आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. शंका आली म्हणून स्वतःहून गहू बंद करू नये. या विकाराच्या रक्ततपासणीआधीच गहू सोडला, तर तपासणीत तो दिसून येत नाही. आधी डॉक्टरांना भेटावे, तपासणी करून घ्यावी आणि मग आहार बदलावा. हा विकार आनुवंशिक प्रवृत्तीशी निगडित असल्याने घरातील एकाला तो असल्यास आईवडील व भावंडे यांच्या तपासणीविषयीही विचारावे.

ॲलर्जी ही निराळी बाब आहे. तिच्यात अन्न पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. श्वास कोंडू लागला वा रुग्णाला भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लवकर मिळणे प्राण वाचवणारे ठरते.

कायद्याने दिलेला आधार

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद अन्नात पुढील आठ गटांतील काही असल्यास तसे छापणे बंधनकारक आहे : ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट. 'ग्लुटेन-फ्री' असा दावा करावयाचा असेल तर ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये.

मात्र लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असले तरी नियमाला पुरते. मराठीचे बंधन नसल्याने बहुतेक पाकिटांवर इंग्रजीच असते. ज्या घरात आजीआजोबा खरेदी करतात, तेथे शाळेत जाणाऱ्या नातवंडांनी हे वाचन आपल्याकडे घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

पाकीट कसे वाचावे?

१. पुढच्या बाजूवर विसंबू नये. 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्ये. त्यांत गहू असू शकतो. 'ज्वारी बिस्किट' किंवा 'नाचणी बिस्किट' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाकिटातही मैदा असू शकतो. हिरवी खूण केवळ पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. गहू, दूध किंवा शेंगदाणे नसल्याचे सांगत नाही.

२. घटकांची यादी वाचावी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो यादीत पहिला असतो. व्हीट, रिफाइंड व्हीट फ्लोर (मैदा), सेमोलिना (रवा), बार्ली आणि माल्ट हे शब्द ग्लुटेन दर्शवतात. माल्ट बहुधा सातूपासून होते व ते दुधात घालण्याच्या पौष्टिक पावडरींत आढळते. केसीन व व्हे म्हणजे दुधातील प्रथिने. अल्ब्युमिन हे बहुधा अंड्याचे असते. ३२२ क्रमांकाचे लेसिथिन पुष्कळदा सोयाबीनचे असते. २२० ते २२८ हे क्रमांक सल्फाइटचे होत.

३. यादीजवळचे 'कंटेन्स' आणि 'मे कंटेन' हे शब्द शोधावेत. पहिला शब्द तो घटक पदार्थात असल्याचे सांगतो. दुसऱ्याचा अर्थ असा, की त्याच कारखान्यात वा यंत्रावर तो घटक हाताळला जात असल्याने त्याचा अंश मिसळला गेला असेल. ज्यांना तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी दुसरी सूचनाही पहिलीइतकीच गंभीर मानावी.

४. नेहमीचे पाकीटही प्रत्येक वेळी वाचावे. कंपनी घटक बदलते, पण वेष्टनाचा रंग तोच राहतो.

५. अगदी लहान पुड्यांबाबत विशेष दक्ष राहावे. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनावर घटकांची यादी न छापण्याची मुभा आहे. ती यादी मोठ्या खोक्यावर असते. मुले सुट्ट्या पैशांत विकत घेतात त्या नेमक्या याच पुड्या. दुकानदाराकडे खोके पाहण्यास मागावे. खोके नसल्यास ती पुडी घेऊ नये.

लेबलवर चूक वा लपवाछपवी आढळल्यास प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर तक्रार करता येते.

जेथे लेबल नसते

सर्वाधिक फसगत आपल्या परिचयाच्या वस्तूंतच होते. हिंगाची डबी हे त्याचे उत्तम उदाहरण. बाजारात मिळणारा हिंग बहुधा बांधानी असतो. त्यात डिंकाबरोबर गव्हाचे पीठ वा मैदाही मिसळलेला असू शकतो. मग डाळीची साधी फोडणीसुद्धा सीलियाकच्या रुग्णाला बाधते. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. तो शुद्ध असला तरी दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला वर्ज्यच, आणि त्याच खव्याचे गुलाबजाम करताना मैदा घातला की सीलियाकच्या रुग्णालाही ते चालत नाहीत. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट बहुतेक भाज्यांत पडतो, हे पाहुण्याला वाढण्यापूर्वी सांगितलेले बरे.

गिरणीचा विचार तर अवश्य करावा. गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ उतरते. आपल्या रानातले निर्धोक धान्य अशा रीतीने दळताना धोक्याचे होते. घरघंटी किंवा जाते असल्यास ते केवळ या धान्यांसाठी राखून ठेवावे. घरातही पोळपाट, परात, तवा व तळणीचे तेल वेगळे ठेवावे.

तिळाबाबतही सावध असावे. २०२० च्या आठ गटांत तिळाचा समावेश नाही. इंग्लंडमधील नताशा एडनान-लापेरूज ही १५ वर्षांची मुलगी २०१६ साली विमानतळावर घेतलेल्या सँडविचमधील पावात मिसळलेल्या तिळामुळे मरण पावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता, कारण विक्रीच्या ठिकाणीच तयार केलेल्या अन्नाला तेथे त्या वेळी ती सूट होती. पुढे तिच्या नावाने कायदा झाला व ऑक्टोबर २०२१ पासून तो अमलात आला. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या प्रांतात 'यात काय काय आहे?' हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटू नये.

ख्रिस्तप्रसाद आणि सीलियाकचे रुग्ण

धर्मग्रामातील अशा बंधुभगिनींना स्वाभाविकच प्रश्न पडतो : आम्ही ख्रिस्तप्रसाद कसा स्वीकारावा? मिस्साची भाकर केवळ गव्हाचीच असावी, असे धर्मसभेच्या कायद्याचे कलम ९२४ सांगते. श्रद्धासिद्धांत मंडळाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजेच नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी २४ जुलै २००३ च्या पत्रात याविषयी खुलासा केला. ग्लुटेन पूर्णतः काढून टाकलेली भाकर मिस्सासाठी ग्राह्य नाही. अत्यल्प ग्लुटेनची भाकर मात्र ग्राह्य आहे आणि तिच्या वापरास बिशप परवानगी देऊ शकतात. ज्यांना तीही सोसत नाही, त्यांनी केवळ द्राक्षरसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. दोहोंपैकी कोणत्याही एका रूपात ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित असतो, ही आपली श्रद्धा आहे. म्हणून अशा भाविकाला काही कमी मिळते असे मुळीच नाही. २०१७ साली रोमने हे नियम पुन्हा स्मरणात आणून दिले.

यासाठी रुग्णाने वा पालकांनी धर्मगुरूंना आधी कळवावे. अत्यल्प ग्लुटेनची भाकर स्वतंत्र पात्रात ठेवावी. केवळ द्राक्षरस घेणाऱ्यासाठी वेगळा चषक असावा, कारण मुख्य चषकात भाकरीचा अंश टाकलेला असतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गात नाव नोंदवतानाच हा प्रश्न पालकांना विचारला जावा, अशी आमची सूचना आहे.

नाताळच्या फराळात करंजी, शंकरपाळे व केक हे सारे मैद्याचे असते. ज्या मुलाला ते वर्ज्य आहे, ते सर्वांच्या देखत रिकाम्या हाताने उभे राहते. तांदळाच्या पिठाची चकली, राजगिऱ्याचे लाडू किंवा ज्वारीच्या लाह्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्यासह ठेवल्या आणि त्यावर घटकांची चिठ्ठी चिकटवली, तर तेही मूल इतरांबरोबर खाईल. प्रत्येक धर्मग्रामातील महिला मंडळाने येत्या सणापासून ही व्यवस्था सुरू करावी, अशी आमची विनंती आहे.