दगडी महाल आणि गुलामांचा घाम

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, लीड्स शहराजवळ हेअरवूड हाऊस नावाचा भव्य दगडी महाल आहे. तो पाहून कोणीही थक्क होईल. पण कोणतीही वास्तू पाहताना दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. ती बांधली कोणी? आणि पैसा आला कोठून?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. १७५९ साली काम सुरू झाले आणि १७७१ साली मालक एडविन लॅसेल्स तेथे राहावयास गेला. इमारतीचा आराखडा जॉन कार याचा, आतील सजावट रॉबर्ट अ‍ॅडम याची. दगड त्याच जहागिरीच्या खाणीतला. मधोमध मुख्य इमारत, दर्शनी उंच खांब, त्यांवर त्रिकोणी शिखर. डावी-उजवी बाजू तराजूत तोलल्यासारखी सारखी. प्राचीन रोमन बांधणीचा हा आदर्श. फर्निचर थॉमस चिपेनडेल या नामांकित कारागिराचे. लांबलचक गॅलरीत खिडक्यांवर पडद्यांच्या झालरी दिसतात, त्या कापडाच्या नव्हेत, कोरीव लाकडाच्या! १८४० च्या दशकात ब्रिटिश पार्लमेंटचे वास्तुशिल्पी चार्ल्स बॅरी यांनी महालावर मजला चढवला आणि दक्षिणेला मोठी गच्ची बांधली.

आता जमाखर्च पाहू. खर्चाची बाजू दगडात दिसते. जमेची बाजू समुद्रापलीकडे आहे. एडविनचा बाप हेन्री याने वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारात अफाट संपत्ती मिळवली. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उसाच्या मळ्यांत राबली, चाबूक खात मेली. ज्यांच्या घामावर महाल उभा राहिला, त्यांनी तो डोळ्यांनीही पाहिला नाही.

१८३३ साली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. नुकसानभरपाई मिळाली, पण कोणाला? बाराशेहून अधिक गुलामांपोटी लॅसेल्स घराण्याला २६ हजारांवर पौंड मिळाले. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. अन्याय करणाऱ्यालाच भरपाई, हा न्याय आपल्या समाजाला नवा नाही.

मात्र आजचे वारसदार डेव्हिड लॅसेल्स हा इतिहास झाकत नाहीत, उघड बोलतात. ज्या भिंतींवर केवळ धन्यांची चित्रे होती, तेथे २०२३ साली आर्थर फ्रान्स यांचे चित्र लागले. फ्रान्स हे नेव्हिस बेटावर जन्मलेले, लीड्सच्या वेस्ट इंडियन कार्निव्हलचे जनक. आणखी एक गोष्ट वाचकांना आनंद देईल. याच महालाच्या बागेत २००४ साली भूतानच्या भिक्खूंनी बौद्ध स्तूप उभारला आहे.

आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरली आहेत. त्यांत एका सुताराचेही नाव आहे. हेअरवूडच्या दगडावर मळ्यांत राबणाऱ्यांची नावे कोणी कोरली नाहीत. म्हणून मुलाबाळांना लेणी, किल्ले, महाल दाखवताना राजाचे नाव जरूर सांगावे. पण येथे राबले कोण, हेही विचारायला शिकवावे.